चार फुटी अंगठा

कौमुदी मॅडमनी साठ पाव मागवले होते,
त्यातला एक निवडला.
बाकीचे मी आणि स्पॉटबॉय दत्तूने
पिशव्या भरभरून घरी नेले. चांगले होते.
निवडलेला तेवढाच कुणाला खाता आला नाही.

त्याच्यावर मी चिमट्याने तीळ बसवले, एकेक, डिंक लावून.
आई तांदळातले खडे वेचायची,
माझं काम त्याच्या उलटं.
टिक्की आतून कच्चीच, वरून ब्रशने खरपूस केलेली.
मधे पुठ्ठ्याच्या चकत्या, त्याशिवाय उंची येत नाही.
मागून टाचण्या.
पानावरचं दव ग्लिसरीनचं, सिरिंजने सोडलेलं,
आणि वाफेसाठी पाठीमागे
ओल्या कापसाचे गरम बोळे.

हाताची मुलगी आलीच नाही.
मॅडम सगळ्यांचे हात उलटेपालटे करून बघत गेल्या,
माझ्याजवळ थांबल्या.
"सुषमा, बोटं लांब आहेत तुझी."
मी म्हटलं, मनगटावर डाग आहे,
फोडणीचं तेल उडालेलं.
"ते काँप्युटरवर जातं."

गेलं.
बारा वर्षं हळद, कोरफड,
शेजारच्या वाघमारेबाईंचं नाशिकचं मलम,
आणि एरंडवण्यात एका दुपारी
गेलं.
तेराशे रुपये जास्तीचे मलाच मिळाले.

नळस्टॉपला, मेट्रोच्या खांबाआडून
तो हात दिसायला लागला तेव्हा
मी ओजसला मुद्दाम बसमधून उतरवलं.
"तो बघ, आईचा हात."
त्याने वर बघितलं, मग माझं मनगट धरून बघितलं.
"तुझा नाहीये. तुझ्यावर डाग आहे."
आणि थोडं थांबून,
"एवढा बर्गर पण नसतो."

दुकान पलीकडेच होतं.
एकशे एकोणसत्तर रुपये.
डबा उघडला तर
त्याच्यावर आधी कुणीतरी बसून गेलं असावं.
टिक्की एका बाजूला कललेली,
रात्रीच्या एसटीत शेजाऱ्याच्या खांद्यावर कलतात तशी.
टोमॅटोची एक चकती, फिकट,
पान कुठे आहे ते शोधावं लागलं.
मी काउंटरवर गेले. का गेले, कोण जाणे,
मला तर सगळं ठाऊक होतं.
मुलगी थकलेली, टोपी कपाळावर आलेली.
तिने काही न बोलता भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं,
अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत:
चित्र प्रातिनिधिक आहे.
ती ओळ बरोबर तिथे छापली होती
जिथे माझा डाग होता.

ओजसने सगळा खाल्ला. सॉस कोपरापर्यंत.
"कसा आहे?"
"बरा आहे. पाव गोड आहे."
मग म्हणाला, "तू केलेला कुठे गेला?"
कचऱ्यात, म्हटलं.
मांजर आलं होतं, हुंगून गेलं.

दिवाळीनंतर होर्डिंगवर फ्लॅटची जाहिरात लागली.
हात मी विसरले होते.
परवा धायरी फाट्यावर मेथी घ्यायला थांबले,
तर हौसाबाईच्या गाड्यावर ऊन लागत नव्हतं.
दोनशे रुपयांना फ्लेक्स घेतलेला,
पांढरी बाजू वर, छापील खाली.
डोक्यावर अर्धा बर्गर, उलटा,
आणि चार फुटी अंगठा, गुळगुळीत,
काकड्यांवर ओणवा झालेला,
पंगतीत वाढायला वाकतात तसा.

"काय बघतीस?"
काही नाही.
"कागद पक्का हाय. दोन उन्हाळे जाईल."
एवढं बोलून तिने तांब्यात बोटं बुडवली
आणि सकाळपासून मान टाकलेल्या मेथीवर
पाणी शिंपडलं, वरच्या जुड्यांवर जास्त,
थेंब नीट उभे राहतील असं.
मी तिचा हात बघत राहिले.
मॅडमनी तिला लगेच कामावर ठेवलं असतं.

दोन जुड्या घेतल्या.
खालच्या.